थांगकाच्या (तिबेटी बौद्ध चित्राच्या) कापडावर तडे का जातात?

प्रश्न: मांजरपाटावर खडू आणि सरसाचं (जनावरांच्या कातडी-हाडांपासूनच्या गोंदाचं) अस्तर दिलं, सांगलीच्या उन्हात वाळवलं. गुंडाळताच तडे गेले. काय चुकलं?

उत्तर १: सरस जास्त झाला किंवा थर जाड झाला. 10 ग्रॅम सरस 120 मिली पाण्यात रात्रभर भिजवा, मग भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवा. उकळी येऊ देऊ नका, चिकटपणा जातो. चाळलेली खडूपूड दाट ताकाइतकी मिसळा. चौकटीला ताणलेल्या कापडाला दोन्ही बाजूंनी दोन-तीन पातळ हात द्या. वाळवायचं सावलीतच, ऊन वरचा थर आधी आखडवतं.

उत्तर २: आधी कापडाची खळ (कडकपणासाठी लावलेली कांजी) धुऊन काढली होती का? खळीवर अस्तर धरतच नाही. वाळल्यावर किंचित ओलसर करून, खाली पाट धरून गुळगुळीत गोट्यानं घोटा. कृष्णाकाठी हवे तेवढे मिळतील! नंतर बोटाला पांढरं लागलं तर सरस कमी पडला.

उत्तर १: हो, खळ राहिलीच सांगायची. पावसाळ्यात सरस दोन दिवसांत नासतो, थोडाच करा.

उत्तर ३: पुढे खनिज रंग वापरणार असाल तर अझुराइट (निळं खनिज) फार बारीक घोटू नका, निळा फिका पडतो.