शेततळ्यात कुणी औषध टाकलं, की पाणीच उलटलं?

माळावरचा_जतकर:
डाळिंबासाठी शेततळं आहे, २० फूट खोल, प्लास्टिकचा कागद अंथरलेला. त्यात रोहू-कटला सोडलेत. मे महिन्यात पोहायला उतरलं की छातीपर्यंत कोमट आणि पाय सरळ सोडले की पोटऱ्यांना एकदम गार. ती गारठ्याची रेघ अंगठ्यानं चाचपता येते.

परवा दोन दिवस ढग न् वारं, मग कडाक्याची थंडी. पहाटे मोटार चालू करायला गेलो तर सगळे मासे वर येऊन आ वासतायत, पाणी काळपट, कुजक्या अंड्यांचा वास. चाळीसेक मेले. शेजारी म्हणतो कुणीतरी औषध टाकलं. पण बेडूक काठावर खुशाल बसलेत!

भूगोलवाला_सातारा:
बेडकांनीच उत्तर दिलंय. ते हवेतून श्वास घेतात, माशांना पाण्यातलाच ऑक्सिजन लागतो.
गरम पाणी हलकं, म्हणून वर तरंगतं. ३० अंशांचं हजार लिटर पाणी २९ अंशांच्या पाण्यापेक्षा सुमारे ३०० ग्रॅमनं हलकं. ४ आणि ५ अंशांमध्ये हाच फरक १० ग्रॅमसुद्धा नाही. म्हणून आपल्याकडे एक-दोन अंशांच्या फरकावरही थर टिकतात. तळाला शेण, उरलेलं खाद्य कुजतं, ऑक्सिजन संपतो, तो अंड्याचा वायू साठतो. थंडीत वरचं पाणी गार होऊन जड झालं की खाली बसतं, त्यात वारा घुसळतो, न् तळचं सगळं वर. वर्षातून दोनदा उलटतात ती बर्फ धरणारी सरोवरं. आपल्याकडचं खोल पाणी बहुधा हिवाळ्यात एकदाच.

मासेवाला_कृष्णाकाठ:
फूटव्हॉल्व्ह, म्हणजे मोटारीच्या पाइपाचं पाणी ओढणारं तोंड, तरंगत्या ड्रमला बांधलाय ना?

माळावरचा_जतकर:
हो, खालून ओढलं की फिल्टर चोंदतो म्हणून! तुम्हाला कसं कळलं?

मासेवाला_कृष्णाकाठ:
आमचंही तसंच झालेलं. वरवरचं पाणी उपसत राहिलात, तळचं शिळं वर्षभर तिथंच. पुढच्या उन्हाळ्यापासून थोडं थोडं खालून ओढा, फिल्टर धुवायचा कंटाळा करू नका. आत्ता खाद्य बंद. रात्री मोटार लावून तळ्यातलंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा. पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, तेव्हा तर बंद करूच नका. मेलेले मासे आजच काढा.

माळावरचा_जतकर:
काढले. रात्री दोनला लाईट आली, तेव्हापासून फवारा चालू आहे. पाइप कमी पडला, तो औषधवाल्या शेजाऱ्याकडूनच मागून आणलाय.