पावसात भेटलेली माणसं: तुमच्याही गजाली सांगा

कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. एवढा पाऊस माणसाला एकट्याने निभावत नाही. कुणाच्या तरी पडवीत शिरावं लागतं, कुणाच्या तरी छत्रीत मान घालावी लागते. साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून, पाणी जात असेल तर दोन्ही काठांवर ताटकळलेल्यांना एकमेकांशी बोलावंच लागतं. आणि इथली माणसं बोलू लागली की हसू ठरलेलं. बोलणाऱ्याचा चेहरा मात्र तेराव्याला बसल्यासारखा. तो स्वतः हसत नाही, आपण हसलो तर उलट विचारतो, ‘काय झालं?’

मला या बोलण्याचं, या गजालींचं म्हणजे गप्पांचं, फार अप्रूप आहे. ते कुठे छापलं जात नाही आणि पाऊस सरला की विसरलं जातं. म्हणून हा धागा. स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं लिहा. माणसांची नावं नकोत, गाव चालेल. सुरुवात मी करतो. तुमचे अनुभव तुमच्याच शब्दांत खाली जोडत जाईन; कंसातलं बोलणं माझं.

कुडाळ

बाजारच्या दिवशी पेठेतून स्टँडकडे निघालो होतो. पाऊस असा की समोरची दुकानं दिसेनात. अचानक डाव्या बाजूने एक आजी छत्रीत आल्या. विचारणं वगैरे काही नाही. डोक्यावर पिशवी, हातात सुक्या बांगड्यांची पुडी.

“रे झिला, वायच हळू चल. माका दम लागता.”

मी हळू झालो. मग चौकशी. “खंयचो तू? कोणाचो?” मी वाडी सांगितली, आजोबांचं नाव सांगितलं. आजी मधेच थांबल्या, म्हणून मीही भर पावसात थांबलो.

“तुझ्या आज्यान माझ्या बापाशीकडसून बैल न्हेललो. आठ दिसांनी परत हाडल्यान. म्हणता, बैल पावसाक भियाता.”

“मगे?”

“मगे काय? बापूस म्हणालो, चिखलात आदी तू उतर, बैल मागसून येतलो.”

घरात कुणीही कधी न सांगितलेली आजोबांची गोष्ट मला अशी रस्त्यात मिळाली. स्टँडच्या शेडखाली आजी बाहेर पडल्या, पदर पिळला, आणि जाताजाता म्हणाल्या, “छत्री बारकी आसा तुझी. फुडल्या पावसाक मोठी घे. अर्ध्या आंगान भिजलंय मी.”

संगमेश्वर

घाटात दरड आली होती. माती काढायचं काम चालू होतं आणि आमची एसटी रांगेत उभी. तासभर झाला तसे सगळे एकमेकांचे पाहुणे झाले. पुढच्या बाकावरच्या एका आजोबांनी पिशवीतून पंचांग काढलं. पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेलं असतं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर भरपूर पाऊस, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

आजोबा म्हणाले, “यंदा आर्द्रेला वाहन म्हैस.”

मागून आवाज आला, “मग बरोबर आहे. रस्त्यात बसलीय. आता ती तिच्या मनाने उठेल.”

एका काकूंच्या पायाशी भलामोठा फणस होता. कंडक्टर वेळ काढायला मागेपुढे फिरत होते, ते तिथे थांबले.

“याचं तिकीट?”

“पाच वर्षांखालचा आहे,” काकू म्हणाल्या.

कंडक्टरांनी फणसावर बोटाने दोन टिचक्या मारल्या, कान लावला, आणि अगदी कर्तव्य म्हणून विचारलं, “कापा की बरका?”

“बरका.”

“मग तो मुंबईपर्यंत टिकायचा नाही. इथेच उतरवा.”

गाडीत कुणाकडे तरी कोयती होती, कुणाच्या देवळात न्यायच्या तेलाची बाटली होती. काकूंनी तेल आधी पात्याला चोपडलं, मग तळहातांना, मग बोटांच्या बेचक्यांत. चीक एकदा लागला की मग जात नाही. फणस उभा चिरला, पाव म्हणजे मधला दांडा काढला, आणि गरे सीटमागून सीट पुढे जाऊ लागले. त्यावरून गाडीत दोन तट पडले. कापावाले म्हणायचे बरका हा खायचा पदार्थच नव्हे, प्यायचा आहे. बरकावाल्यांची तोंडं भरलेली असल्यामुळे त्यांना उत्तर देता येत नव्हतं. रस्ता मोकळा झाल्याचं ड्रायव्हरने दोनदा सांगितलं तेव्हा कुठे लोक जागेवर बसले. आठळ्या मोजून काकूंच्या पिशवीत परत गेल्या होत्या. त्या त्यांनी मोजून घेतल्या हे मला फार आवडलं.

कोकण रेल्वेत, कुठेतरी मधेच

पावसाळ्यात या मार्गावर गाड्या हळू चालवतात, वेळापत्रकही वेगळं असतं. त्यात एकेरी मार्गावरचं क्रॉसिंग. शेजारचे गृहस्थ घरी फोन करून सांगत होते, गाडी थांबलीय. समोर बसलेल्या अनोळखी बाई पटकन म्हणाल्या, “वहिनींना सांगा, भात आत्ताच लावू नका.” त्यांनी सांगितलं. पुढच्या क्रॉसिंगला पुन्हा फोन. या वेळी वरच्या बर्थवरून सूचना आली, “आमटी करून ठेवायला हरकत नाही.” कणकवलीला ते उतरले तेव्हा आमच्या खणातल्या सगळ्यांना त्यांच्या घरचा बेत पाठ होता. गाडी हलताना कुणीतरी दारातून ओरडलं, “पापड तेवढे गेल्यावर भाजायला सांगा!”

चिपळूण

माझा अनुभव हसण्यासारखा आहे की नाही ते तुम्ही ठरवा. २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि चढतच गेलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे सुखरूप. समोर दोन जुनी घरं, दोघांच्या मध्ये कुंपणाची भिंत. ती भिंत वीतभर इकडे की तिकडे यावरून दोन्ही घरांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. मोजणी झाली, नोटिसा झाल्या, एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला गेले नाहीत.

त्या दिवशी दोन्ही घरांतली माणसं आपापल्या माळ्यावर. खाली भिंत पूर्ण बुडालेली. लाईट नाही, फोन लागत नाहीत. दुपारी एका माळ्याच्या खिडकीतून पहिल्या आजोबांनी हाक मारली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“ऐकू येतंय का? भिंत दिसतेय का तुमच्या बाजूने?”

दुसरे आजोबा वाकून बघून म्हणाले, “नाही. तुमच्या?”

“नाही.”

जरा वेळाने पलीकडून आलं, “मग आता भांडायचं कशावरून?”

आम्ही वरून हे ऐकत होतो. भीतीने पोटात गोळा आलेला असताना आम्ही सगळे हसलो, आणि माझी आई हसता हसता रडायला लागली. संध्याकाळी एका माळ्यावरून दुसऱ्यावर दोरीने बिस्किटांचे पुडे गेले, उलट दिशेने पाण्याची बाटली आली.

पाणी ओसरल्यावर भिंत कोसळलेली निघाली. दोघांनीही ती पुन्हा बांधली नाही. तिथल्या गाळात अळू उगवलंय, भरघोस. आता पानं कुणी किती खुडायची यावरून वाद असतो, पण तो बोलून होतो.

*(हा अनुभव वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. पुराचं नुकसान आकड्यांत सगळ्यांनी वाचलंय. त्या माळ्यांवर काय बोललं गेलं ते असंच एखाद्याने सांगितल्याशिवाय कळत नाही. चिपळूणकरांनो, आणखी लिहा.)*

लांजा

पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री चढणीचे मासे निघतात. नदीतून व्हाळात म्हणजे ओढ्यात, व्हाळातून मळ्यात, पाण्याच्या उलट दिशेने. ज्याला जागा माहीत असते तो ती सख्ख्या भावालाही सांगत नाही. मी काकांबरोबर गेलो होतो, मी तेव्हा शाळेत. बांधावर समोरून बॅटरी आली. दोन्ही बॅटऱ्या एकदम विझल्या. अंधारात काकांनी विचारलं, “कोण ते? एवढ्या रात्री कुठे?”

“गुरं सुटलीत. शोधतोय. तुम्ही?”

“आमचीपण सुटलीत.”

दोघांनीही गुरं विकून जमाना झाला होता आणि हे दोघांनाही माहीत होतं. तेवढ्यात त्यांच्या टोपलीत काहीतरी जोरात फडफडलं. काका गंभीरपणे म्हणाले, “एक सापडलं वाटतं.”

“होय. वासरू आहे,” पलीकडून उत्तर आलं, आणि माणूस चालता झाला.

*(लांजेकर, झकास! एक मात्र मनापासून सांगायचंय. हे मासे अंडी घालायला चढतात. सगळेच्या सगळे धरले तर पुढच्या वर्षी चढायला कोण येणार? घरापुरते घ्या, बाकीचे जाऊ द्या.)*

आंबोली

वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस, त्यामुळे जुलैत इथे दरी बघायला आलेल्याला धुकंच दिसतं. कावळेसादला एक कणीसवाले काका आहेत. एक कुटुंब आलं, रेलिंगला टेकून पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिलं. वडील म्हणाले, “काहीच दिसत नाही हो.”

“दरी तिथेच आहे,” काका निखारे फुलवत म्हणाले. “मी सकाळी बघितलीय.”

तिथला वारा दरीतून वर येतो, धबधब्याचं पाणीसुद्धा उलटं उडवतो. मुलाची टोपी उडाली, खाली गेली, आणि सगळे हळहळतायत तोवर वर येऊन भलत्याच माणसाच्या छातीवर आदळली. काकांनी मानही वळवली नाही. “मापाची नसली की परत करते ती.”

राजापूरजवळची एक वाडी

आमच्या वाडीत लावणी चालू होती. बायका ओळीने वाकलेल्या, डोक्यावर पावसापासून आडोशाची इरली, गाणं रंगात आलेलं. रस्त्यावर एक गाडी थांबली. शहरातला तरुण मुलगा, पँट गुडघ्यापर्यंत वर करून बांधापर्यंत आला. गंगेचा रस्ता विचारत होता. राजापूरची गंगा, म्हणजे जमिनीतून येणारं झऱ्याचं पाणी, अधूनमधून प्रकटते, तिथे त्याला जायचं होतं.

माझी आजी सरळ झाली. “सांगते. पण तोंडी सांगून तुझ्या ध्यानात राहायचा नाही. ये खाली.”

तो उतरला. आजीने त्याच्या हातात रोपांची मूठ दिली. दोन-तीन काड्या कशा सुट्या करायच्या, अंगठ्याने चिखलात कशा दाबायच्या, ते दाखवलं. फार खोल नाही, नाहीतर फुटवा येत नाही. “एक ओळ लावलीस की एक वळण सांगते.” ठरलं. पहिल्या ओळीला डावीकडे, दुसऱ्या ओळीला पुलापर्यंत सरळ. तो मनापासून लावत होता. बायकांनी त्याच्यावर गाण्यात दोन कडवी घातली, त्याला ती कळली नाहीत ते बरं झालं. वाफा संपला तेव्हा रस्ताही संपला. पेज पिऊन, खारातल्या आंब्याची फोड चाखून तो गेला. कापणीपर्यंत त्या वाफ्याला सगळे पाहुण्याचा वाफा म्हणायचे.

पुढल्या वर्षी लावणीच्या दिवसांत तीच गाडी पुन्हा थांबली. या वेळी बरोबर बायको. तो काही बोलायच्या आत आजीने दोन मुठी पुढे केल्या. “दोघं आहात. लवकर पोचाल.”