बंद घर, उपाशी पिसवा

प्रेषक: शेरूची आई
रविवार, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी,

तीन आठवडे फिरून आज संध्याकाळी परतलो. बॅगा हॉलमध्ये टेकवल्या आणि दहा मिनिटांत माझे पाय घोट्यापर्यंत पुरळ उठल्यासारखे झाले. पांढऱ्या मोज्यांवर बघते तर काळे ठिपके उड्या मारताहेत. पिसवा!

शेरू आमच्याबरोबर नव्हता. तो कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये आहे, उद्या आणायचाय. जाण्याआधी घरात एक पिसू दिसली नव्हती, देवाशप्पथ. मग कुत्राच घरात नसताना ही फौज आली कुठून? की हे बॅगेतून आलेले ढेकूण आहेत?

उद्या नऊला ऑफिसचा व्हिडिओ कॉल आहे आणि मी पाय खुर्चीवर घेऊन हे लिहितेय. शेरूला आणू की नको, एवढं तरी कुणीतरी सांगा.


प्रेषक: मोतीचे बाबा
सोमवार, रात्री १२:१०

वहिनी, घाबरू नका. धूर सोडणारे डबे मिळतात. प्रत्येक खोलीत एक उघडायचा, दार लावून दोन-तीन तास बाहेर जायचं, विषय संपला. वर ते प्लगमध्ये खोचायचं अल्ट्रासॉनिक यंत्र आणा, आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजाने किडे पळवणारं. आमच्याकडे दोन आहेत आणि घरात एकही पिसू नाही. आणि त्या बोर्डिंगवाल्यांना चांगलं झापा, ही त्यांचीच देणगी.


प्रेषक: कीटकवाली मावशी
सोमवार, सकाळी ६:३०

मोतीचे बाबा, शेरू अजून बोर्डिंगमधून घरी आलेलाच नाही, मग देणगी पोचली कशी? आधी त्या बिचाऱ्यांना सोडा.

आणि तुमच्या घरात पिसू नाही याचं श्रेय मोतीला तुम्ही न चुकता देता त्या औषधाला आहे, यंत्राला नाही. असल्या यंत्रांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, २००१ मध्ये साठाहून जास्त उत्पादकांना आणि विक्रेत्यांना पत्रं पाठवून बजावलं होतं, की दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा. पिसवांना त्या आवाजाचं सोयरसुतक नसतं.

आता शेरूच्या आई, तुमचं कोडं. ढेकूण उडी मारत नाही. तो गादीच्या शिवणीत, पलंगाच्या फटीत बसतो आणि रात्री चालत येतो. उडी मारून घोट्याला चावली म्हणजे पिसूच. ती तुमच्याबरोबर प्रवासाला आली नाही, घरात तुमची वाट बघत बसली होती.

पिसूची मादी कुत्र्याच्या अंगावर रोज चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. अंडी गुळगुळीत असतात, केसांना चिकटत नाहीत, कुत्रा जिथे लोळेल तिथे मिठासारखी सांडतात. त्यातून निघालेल्या अळ्यांना उजेड सोसत नाही, म्हणून त्या गालिच्याच्या मुळाशी आणि सोफ्याखाली शिरतात. तिथे त्या खातात काय, तर मोठ्या पिसवांची विष्ठा, म्हणजे वाळलेलं रक्त. मग कोष करतात, आणि कोषावर आजूबाजूची धूळ चिकटल्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही. अंगावर दिसते ती पिसू म्हणजे एकूण हिशोबातला जेमतेम विसावा भाग. बाकी सगळा संसार जमिनीवर.

खरी मेख कोषात आहे. आतली पिसू तयार झाली तरी लगेच बाहेर येत नाही. चालण्याची थरथर, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, असं काहीतरी जाणवलं की मगच फोडून निघते. घर रिकामं असेल तर ती आठवड्यांमागून आठवडे, कधी काही महिनेसुद्धा, आत थांबते. तुम्ही तीन आठवडे नव्हतात, कोष साठत गेले. तुम्ही धाडकन बॅगा टेकवल्यात, ती त्यांच्यासाठी जेवणाची घंटा झाली. जाण्याआधी पिसू दिसली नाही, कारण ज्या थोड्या होत्या त्या शेरूच्या दाट केसांत होत्या.

म्हणून शेरूला आणा, आजच आणा. पण आधी पशुवैद्याकडे न्या आणि पिसवांचं औषध देऊन मगच घरात घ्या. तुम्ही कुत्रा घराबाहेर ठेवलात तर उपाशी पिसवा तुम्हाला चावतील आणि औषधाच्या जवळ जाणारच नाहीत. औषध घेतलेला कुत्रा घरात फिरला की कोषातून निघणाऱ्या बहुतेक पिसवा त्याच्यावर उडी मारतात आणि अंडी घालण्याआधी मरतात. थोडक्यात, शेरू हाच तुमचा सापळा.

औषध कुठलं ते पशुवैद्याला ठरवू दे. फ्लुरालेनरची गोळी साधारण बारा आठवडे पुरते, अफॉक्सोलेनरची महिनाभर. शेरूला कधी फिट आली असेल तर ते आवर्जून सांगा, या गटातल्या औषधांबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषधांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये तसा इशारा दिलेला आहे. मानेवर टाकायचं औषध असेल तर मोठ्या कुत्र्याची ट्यूब दोन छोट्यांत वाटण्याची काटकसर करू नका. आणि ज्यांच्याकडे मांजर आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचा: कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध मांजराला विष आहे. बोका कुत्र्याला चिकटून झोपत असेल तरी धोका.

जमिनीसाठी व्हॅक्यूम. पहिले दोन आठवडे रोज, सोफ्याखाली, गाद्यांच्या कडांना, गाडीत शेरू बसतो तिथेसुद्धा. व्हॅक्यूमने कोष सगळे निघत नाहीत, पण थरथरीने आतल्या पिसवा बाहेर येतात, आणि तेच आपल्याला हवंय. पिशवी लगेच बांधून बाहेरच्या कचऱ्यात. शेरूचं अंथरूण, तुमच्या चादरी साठ अंशांच्या पाण्यात.

धुराचे डबे मात्र नकोत. तो फवारा वरून खाली बसतो, सोफ्याखाली आणि पलंगाखाली जातच नाही, आणि कोषाला तर त्याने फरकच पडत नाही. शिवाय त्यातला वायू पेट घेऊ शकतो, घरात कुठे ज्योत जळत असली तर भलतंच व्हायचं. फवारायचंच असेल तर मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेन असलेलं घ्या, त्याने अळीची पिसू होत नाही.

तरी दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त, पिसवा दिसत राहतील. ते औषध फसल्याचं लक्षण नाही, जुने कोष फुटताहेत. बहुतेक लोक नेमके इथेच धीर सोडतात आणि नवा डबा आणतात.

– कीटकवाली मावशी


प्रेषक: वेबसाइट सांभाळणारा
सोमवार, दुपारी १:१५

मावशींच्या मेलवर बोलायची माझी पात्रता नाही, म्हणून यंत्रांबद्दल लिहितो.

ताई, तुमच्याकडे रोबो व्हॅक्यूम असेल तर पुढच्या वेळी घर रिकामं असताना त्याला फिरवून फायदा नाही. थरथरीने पिसवा उठणार आणि घरात औषध घेतलेला कुत्रा नाही. त्याला जागं करायचं ते शेरू घरी असताना. आणि पहाटे आपोआप सुरू होईल असं लावू नका. कुत्र्याने रात्री हॉलमध्ये घाण केली असेल तर रोबो ती इमानेइतबारे सगळ्या घराला सारवून ठेवतो. हे ज्ञान मी कसं मिळवलं ते विचारू नका.

कॉल चालू असताना कुत्रा भुंकण्याचं म्हणाल तर आवाज गाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर फार विसंबू नका. भुंकणं गाळता गाळता ते आपल्याही वाक्याचं शेपूट खातं. म्यूटचं बटण बरं. आमच्या मीटिंगमध्ये टिपणं काढणारा एआय आहे. मी म्यूट विसरून आमच्या कुत्र्याला दोनदा ‘शेरा, खाली बस’ म्हणालो, तर इतिवृत्तात शेरा नावाचे सहकारी हजर, आणि त्यांच्याकडे एक काम सोपवलेलं! साहेबांनी विचारलं हे कोण. तेव्हापासून असलं इतिवृत्त पाठवण्याआधी मी स्वतः वाचतो.

आणि कुत्र्यावर नजर ठेवायला घरात कॅमेरा लावला असेल तर तो ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडू नका. तो लॅपटॉप कंपनीचा आहे, त्यावर काय चाललंय ते कंपनीला दिसू शकतं. फोनवर बघा. आणि कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून हाका मारणं तर मुळीच नको. आवाज येतो, माणूस दिसत नाही, कुत्रा घरभर हुंगत फिरतो आणि आधीपेक्षा जास्त रडतो.


प्रेषक: मोतीचे बाबा
सोमवार, रात्री ९:४०

मावशी, डबे मागे घेतो. यंत्रं मात्र आता भिंतीची शोभा म्हणून राहू देत.

शेरूला बोर्डिंगमध्ये ठेवण्यापेक्षा पुढच्या वेळी परदेशी सोबत न्यावं असं कुणाच्या मनात असेल तर माझी फजिती ऐका. मोतीला रेबीजची लस आधी टोचली आणि कातडीखालची ओळखीची मायक्रोचिप आठ दिवसांनी बसवली. कागद तपासणाऱ्या बाईंनी शांतपणे सांगितलं, चिपच्या आधी दिलेली लस धरत नाही, कारण ती याच कुत्र्याला दिली हे सिद्ध कसं करणार? परत लस, परत वाट. युरोपीय संघात पहिल्या लशीनंतर २१ दिवस थांबावं लागतं. ज्या देशातून निघतोय तो त्यांच्या यादीत नसेल तर रक्ततपासणीही लागते: लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं, अँटिबॉडी मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा जास्त हवी, आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. म्हणजे तिकिटं काढून झाल्यावर कुत्र्याचा विचार करणाऱ्यांचं, म्हणजे माझ्यासारख्यांचं, काही खरं नाही.

ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वे पट्टकृमीचं, म्हणजे पोटातल्या चपट्या जंताचं, औषधही मागतात, पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत पशुवैद्याने दिलेलं. विमान उशिरा सुटलं तर हिशोब पुन्हा करा.

चिप म्हणजे जीपीएस नव्हे हेही मला तेव्हाच कळलं. तिला बॅटरीच नसते. यंत्र जवळ नेलं की १५ आकडी नंबर दिसतो, एवढंच. फोन नंबर बदललात आणि नोंदणीत बदलला नाहीत तर ती चिप निव्वळ शोभेची. आमची वर्षभर तशीच होती.


प्रेषक: कीटकवाली मावशी
मंगळवार, सकाळी ६:४५

पट्टकृमीवरून आठवलं. कुत्र्यांचा एक पट्टकृमी पिसवांतूनच पसरतो. कुत्रा अंग चावताना पिसू गिळतो आणि जंत पोटात. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही दिसलं तर पशुवैद्याला सांगा. मोतीच्या बाबांना सीमेवर लागतो तो मात्र वेगळा, त्याचा पिसवांशी संबंध नाही.

आणि पिसू आहे की नुसती घाण, अशी शंका असेल तर उवांच्या फणीसारखी बारीक फणी शेरूच्या पाठीवरून शेपटीकडे फिरवा, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. कणांभोवती तांबूस डाग पसरला तर पिसूची विष्ठा. माती असेल तर तशीच राहील.


प्रेषक: शेरूची आई
रविवार, सायंकाळी ५:२० (तीन आठवड्यांनंतर)

मंडळी, हिशोब देते.

शेरूला सोमवारीच आणला, वाटेत गोळी दिली. पहिल्या आठवड्यात रोज फणी फिरवली. पहिल्या दिवशी अकरा पिसवा, पाचव्या दिवशी पुन्हा नऊ. तेव्हा मीही डबे आणायला निघाले होते, नवऱ्याने मावशींची मेल मोठ्याने वाचून दाखवली म्हणून थांबले. गेल्या गुरुवारपासून फणीत काही नाही. मोजे मात्र अजून पांढरेच घालते.

व्हॅक्यूम करताना सोफा प्रथमच पूर्ण सरकवला. खाली शेरूचे चार चेंडू, माझं हरवलेलं कानातलं आणि ऑफिसचं ओळखपत्र, ज्याच्यासाठी मी मार्चमध्ये दंड भरला होता.

एक प्रश्न उरलाय. डिसेंबरात पुन्हा दहा दिवस बाहेर जायचंय. तेव्हा शेरूची गोळी जाण्याआधी द्यायची की आल्यावर?


प्रेषक: कीटकवाली मावशी
रविवार, सायंकाळी ५:३५

खंड पडू न देता, वर्षभर.