इंडिगोची फर्स्ट ऑफिसरची (को-पायलट) ऑफर आलीये, घेऊ का?

सांगलीकर_३२०
नमस्कार मंडळी, गोंदियाला ट्रेनिंग करून सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) काढलं, मग एअरबस ३२० चं टाइप रेटिंगही (त्या विमानाचं खास ट्रेनिंग) कर्ज काढून केलं आणि बरीच वाट बघितल्यावर आता इंडिगोची ऑफर हातात आलीये. पण डिसेंबर २०२५ मध्ये जे झालं ते सगळ्या देशाने बघितलं, एका दिवशी तर हजारावर फ्लाइट रद्द, तेव्हापासून बाबा म्हणतायत की थांब, दुसरीकडे बघ. तिथे पायलटला पिळून काढतात असं सगळेच बोलतात. रोज विमान उडवणाऱ्या कोणीतरी खरं काय ते सांगा प्लीज, हप्ता काही थांबत नाहीये.

कॅप्टन_ठाणे
मित्रा, मी दुसऱ्या कंपनीत ३२० च उडवतो. आधी डिसेंबरला काय झालं ते नीट समजून घे. पायलटच्या ड्युटीचे नवे नियम डीजीसीएने (विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) दोन टप्प्यांत लावले, १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५. आठवड्याची सलग विश्रांती ३६ ची ४८ तास झाली, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली. तारखा आधीपासून माहीत होत्या तरी इंडिगोने त्या हिशोबाने पायलट घेतले नाहीत, रोज दोन हजारांवर फ्लाइट चालवणारी कंपनी, त्यामुळे रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) तुटलं ते एकदम तुटलं. मग सरकारने १० टक्के शेड्यूल कापायला लावलं आणि वर रात्रीच्या नियमातून काही काळ सूटही दिली. ती सूट मला आजही पटत नाही, ज्याच्या झोपेसाठी नियम केला त्यालाच परत जागवलं.

पण थकवा सगळ्याच कंपन्यांत आहे रे. रात्री पावणेतीनला कॅब दारात, पाचला टेकऑफ, तिसऱ्या लँडिंगला ऊन सरळ डोळ्यांत आणि एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रण) दिलेली उंची शेजारच्याला परत विचारावी लागते. त्यामुळे नावापेक्षा बेस (ज्या शहरातून ड्युटी सुरू होते ते) बघ. त्याच बेसवरच्या एखाद्या एफओकडून (फर्स्ट ऑफिसर) मागच्या महिन्याचं रोस्टर माग, लागोपाठ किती पहाटा आहेत ते मोज आणि फटीग रिपोर्ट (थकव्याची लेखी तक्रार) टाकला की पुढे काय होतं ते स्पष्ट विचार. यावर तो चाचरला तर तुला उत्तर मिळालं.

पायलटची_बायको_पुणे
दादा, माझे मिस्टर याच धंद्यात आहेत म्हणून सांगते, जॉइन होण्याआधी बाहेर कसं पडायचं ते वाचा. २०१७ च्या नियमाने एफओला सहा महिने आणि कॅप्टनला वर्षभर नोटीस आहे. २०२३ ला अकासा एअरचे पायलट नोटीस न भरता गेले तर कंपनी थेट कोर्टात गेली. बाँड (मधेच सोडलं तर पैसे भरायचा करार) असेल तर रक्कम किती, वर्षागणिक कमी होते का, हे वकिलाला दाखवून मगच सही करा. एचआर तोंडी फार गोड बोलतात.

जुना_डिस्पॅचर
मी म्हणतो घे. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये, दोन्हींचं नाव चांगलंच होतं आणि पायलट पगाराविना बसले. कर्ज असलेल्या पोराने वेळेवर पगार देणारी कंपनी धरावी. उड्डाणाचे तास भरतील, १५०० झाले की एटीपीएलचं (कॅप्टन होण्यासाठी लागणारं लायसन्स) बघ, मग मागणी तुझी. फक्त अंग साथ देत नसेल त्या दिवशी अनफिट सांगायला घाबरू नकोस, मागे दीडशेच्या वर माणसं बसलेली असतात. हे मी कळकळीने सांगतोय.

सांगलीकर_३२०
सगळ्यांचे मनापासून आभार. बाँडचे कागद आज रात्री परत वाचतो आणि एका सीनियरकडून रोस्टर मागवलंय. बेस दिल्ली देतायत, पुणे मागितला तर मिळतो का?

कॅप्टन_ठाणे
लगेच मिळेल असं धरून चालू नकोस. बेस बदलायची रिक्वेस्ट जॉइन झाल्यावर किती महिन्यांनी टाकता येते ते मेलवर विचार, आणि ते उत्तर येईपर्यंत सही करू नकोस.