तांदळाची निर्यातबंदी: घरचं आधी की जगाचं?

चौकस: २० जुलै २०२३ ला भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि जगभर ओरड झाली. मला ती ओरड पटत नाही. जगात पिकणाऱ्या तांदळापैकी जेमतेम दहावा हिस्सा सीमा ओलांडतो, बाकीचा पिकतो त्याच देशात संपतो. इतक्या चिंचोळ्या बाजाराच्या भरवशावर राहायचं आणि विकणाऱ्याने हात आखडला की गळा काढायचा?

उलटतपासणी: भरवसा ठेवला कारण विकणाऱ्यानेच गिऱ्हाईक जोडलं. जागतिक निर्यातीत भारताचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास. आणि तेव्हा सरकारी गोदामं बफरच्या, म्हणजे राखीव साठ्याच्या, निकषापेक्षा कितीतरी जास्त भरलेली होती! पाऊस घटवणाऱ्या अल निनोची धास्ती होती, निवडणुका तोंडावर होत्या, टंचाई नव्हती. तांदळाच्या कणीवर तर सप्टेंबर २०२२ पासूनच बंदी होती. सेनेगलमध्ये कणी म्हणजे गाळसाळ नव्हे, लोक ती मागून घेतात.

चौकस: धास्ती खोटी ठरली हे नंतर कळतं हो. शिवाय भडका फक्त निर्यातदार उडवत नाही. २००८ मध्ये पीक कुठेच बुडालं नव्हतं, तरी थाई तांदूळ टनाला हजार डॉलरच्या घरात गेला. भारत-व्हिएतनामने दारं लावली हे खरं, पण घाबरून मोठमोठ्या निविदा काढल्या त्या फिलिपिन्सने.

उलटतपासणी: दारं लागली म्हणूनच घाबरले ना! आणि तो भडका विझला कसा तेही सांगा. व्यापार करारापायी आयात करावा लागलेला तांदूळ जपानच्या गोदामात पडून होता. त्यातला अमेरिकी माल अमेरिकेच्या संमतीशिवाय बाहेर विकता येईना. तो सुटणार अशी बातमी आली आणि भाव उतरू लागले. बाजाराला पोत्यांआधी खात्री लागते.

चौकस: व्हिएतनामनेही जूनमध्ये निर्यात मोकळी केली, ते सोयीने गाळू नका.

उलटतपासणी: गाळत नाही. दार उघडलं की भाव उतरतो, हेच तर म्हणतोय.

बांधावरून: (वाचनमात्र होतो, राहवलं नाही.) दोघांच्या हिशेबात भात पिकवणारा आहे कुठे? बाहेर भाव चढला की त्याच्यापुढे बंदी, उतरला की 'बाजार आहे, सोसा'. स्वस्त धान्य द्यायचंच तर सरकारने खरेदी करून द्यावं. बंदीत ते अनुदान त्याच्या खिशातून जातं, आणि बजेटमध्ये कुठे दिसतही नाही.

चौकस: हमीभाव आहे की.

बांधावरून: ज्याच्याकडून खरेदी होते, त्याला.