मदत हवी आहे: आउलफ्लाय थेट ॲंटलायनच्या आत बसतायत, वंशवृक्ष चुकलाय का?

सीओआय आणि १६एस या दोन मायटोकॉन्ड्रियल जनुकांवर आयक्यू-ट्री या वंशवृक्ष काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये झाड काढलंय. ॲंटलायन आणि आउलफ्लाय ही जाळीदार पंखांच्या कीटकांची दोन वेगळी कुळं शेजारीशेजारी येतील असं वाटलं होतं. पण आउलफ्लाय ॲंटलायनच्या फांदीतच, पाल्पारेस या ॲंटलायन प्रजातीसमूहाजवळ येतात. त्या गाठीला (फांद्या फुटतात त्या जागेला) यूएफबूट, म्हणजे १०० पैकी आधाराचा आकडा, ७१. बाह्यगट, म्हणजे तुलनेसाठी घेतलेला बाहेरचा कीटक, फक्त क्रायसोपर्ला (हिरवी लेसविंग). अलाइनमेंट (अनुक्रमांची एकाखाली एक मांडणी) बिघडलंय का? आणि नमुन्यांच्या लेबलवर कूळ कोणतं लिहू?

प्रतिसाद १
जागा बरोबर आहे, आधार तोकडा आहे. मचाडो आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये बऱ्याच केंद्रकीय जनुकांवरून हेच दाखवलं आणि आउलफ्लायचं स्वतंत्र कूळ मोडून त्यांना मिरमेलिऑन्टिडीत, म्हणजे ॲंटलायनच्या कुळात, ॲस्कॅलॅफिनी हे उपकूळ दिलं. पाल्पारेसचा गटही त्याच उपकुळात गेला.

पण ७१ वर काही सिद्ध होत नाही. यूएफबूट ९५ आणि एसएच-एएलआरटी (आधार मोजायची दुसरी चाचणी) ८०, दोन्ही गाठले तरच ती गाठ धरा. क्रायसोपर्ला फार लांबची आहे. त्यामुळे झाडाचं मूळ भलत्याच ठिकाणी बसू शकतं. निम्फिडी, नेमोप्टेरिडी आणि सायकॉप्सिडी या जवळच्या कुळांचे अनुक्रम जेनबँक या सार्वजनिक संग्रहातून घ्या. सीओआयचं प्रथिनात भाषांतर कोड ५ ने (अपृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाचा जनुकीय कोड) करून बघा. मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन थांबवणारी तीन अक्षरं) आला किंवा रीडिंग फ्रेम (तीन-तीन अक्षरं वाचण्याची चौकट) सरकली, तर तो अनुक्रम म्हणजे मायटोकॉन्ड्रियल जनुकाची केंद्रकातली खोटी प्रत असण्याची शक्यता मोठी; काढून टाका. कोडॉनच्या तिन्ही जागांची वेगळी पार्टिशन करा (प्रत्येकीला वेगळं मॉडेल), मग तिसरी जागा वगळून पुन्हा चालवा. इतक्या जुन्या फाट्यांवर ती जागा इतक्यांदा बदललेली असते की तिच्यातून नात्यापेक्षा गोंधळच जास्त मिळतो. १६एसमधले जुळत नसलेले लूप छाटा. एवढं करूनही आधार वाढला नाही तर सीएडी हे केंद्रकीय जनुक जोडावंच लागेल.

प्रतिसाद २
नमुन्यांची अदलाबदल झाली नाही ना, हे आधी पंखावरून तपासा. टेरोस्टिग्माखालची (पंखाच्या पुढच्या कडेवरच्या गडद ठिपक्याखालची) शिरांमधली कोठी ॲंटलायनमध्ये लांबलचक, आउलफ्लायमध्ये आखूड असते. नुसत्या लांब मिशांवर जाऊ नका, काही आउलफ्लायच्या मिशा आखूड असतात.

भक्ष्य पकडायचा वाळूतला खड्डा ही ॲंटलायनची मूळ खूण मानली की हे झाड खटकतं. खड्डा मोजक्याच गटांच्या अळ्या करतात. पाल्पारेसची अळी वाळूत दडून भक्ष्य धरते. आउलफ्लायच्या अळ्याही दबा धरूनच बसतात.

लेबलवर प्रजाती, ट्राइब (उपकुळाखालचा गट) आणि 'मिरमेलिऑन्टिडी: ॲस्कॅलॅफिनी' लिहा, शेजारी 'मचाडो व इतर, २०१९ नुसार' एवढं टाका. काही अभ्यासक ॲस्कॅलॅफिडी हे कूळ अजून वेगळंच धरतात, त्यामुळे संग्रहालयाच्या नोंदीत जुनं नावही शोधता येईल असं ठेवा.