बोल्टनचा सीमाप्रदेश: पाया पक्का, की एकाच बाजूचे कागद?

दफ्तरबंद: इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नरने १८९३ मध्ये अमेरिकेचा इतिहास पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकणाऱ्या वस्तीचा म्हणून मांडला. त्याचाच विद्यार्थी हर्बर्ट बोल्टन टेक्सासला शिकवायला गेला आणि तीच भूमी दक्षिणेकडून, मेक्सिकोच्या दफ्तरखान्यांतून वाचू लागला. स्पॅनिश अमलाच्या उत्तर सरहद्दीचा हा पट्टा म्हणजेच त्याचा 'सीमाप्रदेश'. तिथल्या कागदपत्रांची मार्गदर्शिका त्याने १९१३ मध्ये छापली. पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात शंभरावर विद्यार्थ्यांना पीएचडीपर्यंत नेलं. त्याचं काम एकतर्फी म्हणून मोडीत काढायची हल्लीची हौस मला मान्य नाही.

आडवाट: मोडीत नको, पण त्याचा १९१७ चा मिशनवरचा, म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांच्या धर्मप्रसाराच्या वसाहतींवरचा, निबंध पुन्हा वाचा. मिशन म्हणजे सरहद्द राखणारी, मूळ रहिवाशांना 'घडवणारी' संस्था! याचा मोठा आधार पाद्र्यांची आणि अधिकाऱ्यांची पत्रं. पाद्री वरिष्ठांकडे पैसा मागतो, तेव्हा यश फुगवूनच सांगणार. पडताळा हवा तर कॅलिफोर्नियाच्या मिशनांच्या नोंदवह्या घ्या. बाप्तिस्म्याला अनुक्रमांक असतो, दफनाच्या नोंदीत बरेचदा तोच येतो. दोन्ही जुळवल्या की माणूस मिशनमध्ये किती जगला ते निघतं. जन्मांपेक्षा मृत्यू जास्त. संख्या टिकली ती बाहेरून आणलेल्या नव्या माणसांवर.

दफ्तरबंद: त्या वह्याही पाद्र्यांच्याच की! पळून गेला आणि परतला नाही, त्याच्या दफनाची नोंदच नाही. त्याला वगळलं तर आयुर्मान एक येतं, शेवटच्या उल्लेखापर्यंत जिवंत धरलं तर दुसरं. शिवाय हजारो नोंदी अशा जुळवणं संगणकामुळे आवाक्यात आलं. १९१७ च्या माणसाकडून ती अपेक्षा कशी धरता?

तिरपागडा: आणि पितळी पाटी? इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकची म्हणून १९३६ मध्ये सापडलेली पाटी बोल्टनने खरी ठरवली. १९७७ च्या चाचण्यांत ती आधुनिक निघाली: जस्त जास्त, अशुद्धी फारच कमी, पत्रा यंत्रावर लाटलेला. शब्दलेखनावर आक्षेप तेव्हाच आले होते.

दफ्तरबंद: १९३८ च्या प्रयोगशाळेनेही ती खरीच म्हटली होती. आणि तो प्रश्न इंग्रजी पितळेचा. मेक्सिकोच्या दफ्तरांवरच्या त्याच्या कामाला त्याने काय बाधा येते?

आडवाट: पाटी सोडा. बोल्टनचं खरं बळ जुन्या स्पॅनिश प्रवाशांची रोजनिशी हातात घेऊन वाट तुडवण्यात होतं. लीग हे अंतराचं जुनं स्पॅनिश माप साधारण ४.२ किलोमीटरचं, पण प्रवासात ते बहुतेकदा घोड्यावरच्या वेळेवरून अंदाजलेलं. त्यामुळे नुसते लीग नकाशावर मांडले तर मुक्काम चुकतो. पाणवठे आणि खिंडी जुळवाव्याच लागतात. ते त्याने केलं, पूर्ण मान्य. पण त्या पाणवठ्यावर आधीपासून राहणारे लोक त्याच्या लिखाणात बहुधा वाटाड्ये नाहीतर हल्लेखोर म्हणूनच येतात, आणि हे वाट तुडवून दुरुस्त होत नाही.